तागाच्या पॅनेलला पावसाळ्यात छिद्रे, पांढरे पट्टे आणि सुटलेले थर: कारण कुठे शोधायचे?

कुपवाड_मोल्ड

नमस्कार मंडळी. तागाचे कापड आणि साधे ऑर्थो पॉलिएस्टर रेझीन वापरून पॅनेल करतो आहोत. माप ६०० × ६०० मिमी, जाडी ४ मिमी. कापड ३०० ग्रॅम प्रति चौरस मीटरचे, चार थर. ले-अप (कापडाचे थर रेझीनमध्ये भिजवून एकावर एक रचणे) हाताने, वरून सपाट प्लेट आणि वजन. मे अखेरपर्यंत माल बरा होता. जून लागल्यापासून तीन दोष सतत दिसतात. गेलकोटखाली (साच्यावर आधी लावतो त्या रेझीनच्या दर्शनी थराखाली) टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे येतात, विणीच्या रेषेत दुधाळ पांढरे पट्टे उमटतात आणि कडेला थर सुटतात (नाण्याने वाजवले की बद्द आवाज).

रेझीन देणाऱ्याचा सल्ला कॅटॅलिस्ट (रेझीन कडक करणारे रसायन) वाढवा असा आहे. १ टक्क्यावरून २ टक्के केले तर छिद्रे वाढतात. हेच रेझीन ग्लास मॅटवर उत्तम चालते. रेझीन बदलावे का?

रेझीन_मिरज

रेझीन बदलू नका. ग्लासवर चालते आणि तागावर बिघडते, म्हणजे दोष रेझीनचा नाही, ओलाव्याचा आहे. ग्लास पाणी शोषत नाही, ताग शोषतो. तागाच्या व्यापारात कोरड्या वजनावर १३.७५ टक्के ओलावा धरूनच हिशेब करतात. आपल्याकडच्या जुलैच्या हवेत तो याहूनही वर जातो.

तुमच्याच मापाने हिशेब करू. एका थराचे क्षेत्रफळ ०.३६ चौरस मीटर, वजन १०८ ग्रॅम. चार थर ४३२ ग्रॅम. त्यात १२ टक्के पाणी धरले तर सुमारे ५२ ग्रॅम पाणी तुम्ही रेझीनमध्ये गाडता आहात. १ ग्रॅम पाण्याची १०० अंशाला साधारण १.७ लिटर वाफ होते, आणि तुमच्या अख्ख्या पॅनेलचे आकारमान आहे १.४४ लिटर. सगळे पाणी उकळत नाही हे खरे, पण एक ग्रॅम उकळले तरी पुरे आहे. शिवाय १०० अंश गाठावेच लागतात असेही नाही. अडकलेल्या बुडबुड्यात ६०-७० अंशालाही वाफ शिरते आणि तो फुगतो.

आता कॅटॅलिस्ट वाढवल्यावर छिद्रे का वाढली? एमईकेपी (म्हणजे तुमचे कॅटॅलिस्ट) दुप्पट केले की रेझीन लवकर जेल होते, म्हणजे घट्ट होते, हवा बाहेर निघायला वेळ उरत नाही आणि उष्णताही कमी वेळात जास्त निघते. दुसरीकडे पाणी कोबाल्टच्या (रेझीन कडक होण्याचा वेग वाढवणाऱ्या रसायनाच्या) कामात अडथळा आणते, त्यामुळे तंतूंच्या लगतचे रेझीन मऊच राहते. तुमचे थर सुटतात ते बहुधा याच जागी. कडक झालेल्या भागावर अ‍ॅसिटोनचा बोळा घासून बघा. चिकट लागले तर क्युअर (रेझीन पूर्ण कडक होणे) अपुरा आहे.

वाळवण अशी करा:

कापड मापात कापून घ्या आणि ८० अंशाला ४ ते ६ तास ठेवा. थप्पी लावू नका, जाळीवर एकेक थर पसरा, हवा खालून वर फिरली पाहिजे. दर अर्ध्या तासाने एका ठरावीक तुकड्याचे वजन घ्या. लागोपाठच्या दोन वजनांत अर्ध्या टक्क्याहून कमी फरक आला की वाळले. घड्याळावर विश्वास ठेवू नका, काट्यावर ठेवा. तापमान १०५ च्या वर नेऊ नका.

भट्टीतून काढलेले कापड उघडे पडले की लगेच हवेतले पाणी ओढू लागते. म्हणून जाड पॉलिथिनच्या पिशवीत घालून तोंड बांधा, पिशवीतच थंड होऊ द्या आणि ले-अपच्या वेळी एकेक थर बाहेर काढा. पिशवी उघडल्यापासून अर्ध्या तासात शेवटचा थर रेझीनमध्ये गेला पाहिजे.

कुपवाड_मोल्ड

भट्टी नाही. पत्र्यावर उन्हात वाळवले तर?

वाखवाला_दहिवडी

मार्च-एप्रिलच्या उन्हात बऱ्यापैकी वाळते, पण शेडमध्ये आणून ठेवले की संध्याकाळपर्यंत परत होते तसे. पावसाळ्यात तर प्रश्नच नाही. तासगावकडच्या बेदाण्याच्या शेडसारखा नुसता वारा खेळवून भागत नाही, कारण वाराच ओला असतो. हवा तापवावीच लागते. हळद किंवा भाजीपाला सुकवायचा छोटा ट्रे ड्रायर चालतो, फक्त थर्मोस्टॅट ८० पर्यंत जाणारा हवा आणि ओली हवा बाहेर टाकणारे तोंड उघडे हवे. प्लायच्या खोक्यात उघडे कॉइल लावून घरगुती भट्टी करू नका. वाखाची धूळ आणि लाल झालेली कॉइल एकत्र आली की आग ठरलेली.

आता तागाच्या पलीकडचे, कारण इथे घायपात आणि केळी वापरणारेही असतील. माण-खटावच्या बांधावरच्या घायपाताचा वाख यंत्रावर काढला की त्याला हिरवा गर चिकटून राहतो. तो काढल्याच दिवशी भरपूर पाण्यात धुवा. वाळल्यावर तो निघत नाही, रेझीन त्या गराला धरते आणि गर पापुद्र्यासारखा तंतूवरून सुटतो. केळीच्या सोपटाचे तसेच, उलट चिकट जास्त. धुतल्यावर लोखंडी फणीने विंचरा, गाठी काढा. गाठ राहिली की तिच्या मध्यभागी रेझीन पोचत नाही आणि तिथेच पोकळी होते.

उसाच्या चिपाडाबद्दल: त्यात तीसेक टक्के भुसभुशीत गर असतो. तो स्पंजासारखा रेझीन पितो आणि ताकद काहीच देत नाही. गरम पाण्याने धुवून साखर काढा, वाळवा, मग चाळणीने गर वेगळा करा. न चाळता वापरलेल्या चिपाडाच्या बोर्डात कोरडे डाग येतात ते याच कारणाने, आणि रेझीनचा खर्च वाढतो तो वेगळाच.

टेस्टिंग_विश्रामबाग

ओलाव्याचे सगळे पटले, पण कापड बाजारातले गोणपाट आहे का, हे आधी विचारा. ताग गिरणीत मऊ करण्यासाठी त्यावर तेल मारतात, आणि ते तेल विणलेल्या कापडात राहते. कितीही वाळवले तरी तेल जात नाही.

तपासणी सोपी. वाळलेल्या कापडावर पाण्याचा एक थेंब सोडा. लगेच जिरला तर ठीक. मण्यासारखा वर बसून राहिला तर तेल किंवा मेण आहे, आणि तिथे रेझीनही नीट चिकटणार नाही. उपाय: ६०-७० अंशाच्या पाण्यात १ ते २ टक्के साधी धुण्याची पावडर घालून अर्धा तास ठेवा, हलकेच चाळवा, मग फेस जाईपर्यंत दोन-तीन पाण्यातून काढा. वाळवल्यावर थेंबाची चाचणी पुन्हा करा.

त्याच्या पुढची पायरी कॉस्टिकची. ५ टक्के द्रावण म्हणजे लिटरला ५० ग्रॅम कॉस्टिक सोडा. तंतूच्या वजनाच्या वीसपट द्रावण घ्या, ५०० ग्रॅम तंतूला १० लिटर. खोलीच्या तापमानाला २ ते ४ तास. नंतर साध्या पाण्याने धुवा, १ टक्के अ‍ॅसेटिक आम्लाच्या पाण्यातून काढा, परत धुवा, लिटमस तटस्थ दाखवेपर्यंत. मग वाळवा. तंतूवरचे मेण आणि हेमिसेल्युलोज (तंतूतला एक घटक) निघते, पृष्ठभाग खरबरीत होतो आणि रेझीनला पकड मिळते.

कॉस्टिक नेहमी पाण्यात टाकायचे, कॉस्टिकवर पाणी ओतायचे नाही. अ‍ॅल्युमिनियमची भांडी चालत नाहीत, ती विरघळतात आणि हायड्रोजन सुटतो. प्लास्टिकचा पिंप घ्या. चष्मा आणि रबरी हातमोजे घातल्याशिवाय झाकण उघडू नका. उरलेले द्रावण आम्लाने तटस्थ केल्याशिवाय गटारात किंवा ओढ्यात सोडायचे नाही, आपल्याकडचे सगळे ओढे शेवटी कृष्णेलाच मिळतात.

रेझीन_मिरज

@टेस्टिंग_विश्रामबाग, धुण्याशी पूर्ण सहमत. कॉस्टिकशी अर्धाच. वेळ किंवा तीव्रता वाढली की तंतू ठिसूळ होतो. आणि तयार कापड ढिले सोडून कॉस्टिकमध्ये बुडवले तर ते आकसते, वीण घट्ट बसते आणि रेझीन आत शिरायला उलट जास्त त्रास होतो. पॉलिएस्टरच्या साध्या पॅनेलला आधी धुणे आणि वाळवणे एवढेच करा, फरक मोजा, मगच कॉस्टिककडे वळा.

टेस्टिंग_विश्रामबाग

कापड चौकटीवर ताणून बुडवले तर आकसणे आटोक्यात राहते. वेळेबाबत तुमचे बरोबर आहे, ४ तासांच्या पुढे जाऊ नये. पण पॅनेल बाहेर उन्हापावसात लागणार असेल तर मी कॉस्टिक सोडणार नाही. नुसत्या वाळवलेल्या तागाची पकड कोरड्या चाचणीत चांगली दिसते आणि पाण्यात भिजवल्यावर घसरते. तुलना करायची तर दोन्ही प्रकारचे तुकडे २४ तास पाण्यात ठेवून मग वाकवून बघा.

कुपवाड_मोल्ड

पॅनेल आतल्या कामाचे आहे, पार्टिशनचे. म्हणजे सध्या धुणे आणि वाळवणे. थेंबाची चाचणी केली, थेंब बराच वेळ तसाच बसून राहिला. ले-अपच्या पद्धतीतही काही बदल हवा का? रेझीन वरून ओतून ब्रशने पसरतो.

रेझीन_मिरज

हो, आणि तुमच्या पांढऱ्या पट्ट्यांचे अर्धे कारण तिथेच आहे. कोरड्या कापडावर वरून रेझीन ओतले की ते वरचा पृष्ठभाग झाकते आणि खालची हवा कोंडते. उलट करा. आधी साच्यावर रेझीन पसरा, त्यावर कापड ठेवा आणि रेझीन खालून वर येऊ द्या. कापडाचा रंग एकसारखा गडद झाला की समजा भिजले. तागाचे सूत पिळाचे असते, ग्लासच्या मॅटइतक्या झटपट भिजत नाही. प्रत्येक थराला ३ ते ५ मिनिटे द्या. मग खाचांचा लोखंडी रोलर मध्यापासून कडेकडे फिरवा. जोर लावू नका, जोराने दाबले की तागातले रेझीन पिळून निघते आणि रोलर उचलल्यावर तिथे परत हवा शिरते.

प्रमाण: तागाच्या वजनाच्या तिप्पट रेझीन. ग्लास मॅटचा दुप्पट-अडीचपटीचा हिशेब इथे लावला की पॅनेल कोरडे राहणार. ४३२ ग्रॅम कापडाला १३०० ग्रॅम, वाया जाणारे धरून १४५० ग्रॅम घोळवा. एमईकेपी १ ते १.५ टक्के, म्हणजे १५ ते २२ ग्रॅम. १ च्या खाली जाऊ नका, क्युअर अर्धवट राहतो. दर सकाळी १०० ग्रॅम रेझीन कपात घेऊन जेल व्हायला किती वेळ लागतो ते बघा आणि २५-३० मिनिटे मिळतील असे प्रमाण त्या दिवसापुरते ठरवा. शेडचे तापमान बदलले की हा आकडा बदलतो.

ढवळताना ड्रिलला पंखा लावून फेस काढू नका. काठीने हळू ढवळा आणि पाच मिनिटे तसेच राहू द्या. कोबाल्ट तुम्ही वेगळे घालत असाल तर ते आधी रेझीनमध्ये पूर्ण मिसळा, मग एमईकेपी. ही दोन्ही थेट एकमेकांत कधीही मिसळू नयेत, स्फोट होतो. दोन्हींसाठी मापाची भांडीही वेगळी ठेवा.

वरची प्लेट सपाट आपटून ठेवली तर खाली हवेचा थर अडकतो. शेवटच्या थरावर मध्यभागी रेझीनची एक रेघ सोडा, प्लेटची एक कड टेकवा आणि दुसरी सावकाश खाली आणा. हवा पुढे ढकलली जाते.

व्हॅक्यूम_कराड

इन्फ्युजन (कापड बॅगेत बंद करून व्हॅक्यूमने रेझीन ओढून भरणे) करणाऱ्यांसाठी लिहितो, कारण नैसर्गिक तंतूंवर इथे वेगळ्या अडचणी येतात.

पहिली गोष्ट गेजची. पुस्तकात ७६० मिमी पाऱ्याचा व्हॅक्यूम लिहिलेला असतो. सांगली-कराड समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे, इथे हवेचाच दाब साधारण ९५० मिलिबार, म्हणजे ७१० मिमी. साताऱ्यात त्याहून थोडा कमी. गेज ७००-७०५ दाखवत असेल तर पंप उत्तम आहे, उरलेल्या ५५ मिमीसाठी गळती शोधत बसू नका.

दुसरी गोष्ट गळतीच्या चाचणीची. बॅग ओढून पंपाचा व्हॉल्व्ह बंद केला की दाब चढतो, आणि तागावर तो नेहमीच चढतो. गळती असेल तर चढ एकसारखा चालू राहतो. ओलावा असेल तर सुरुवातीला भरभर चढतो आणि मग मंदावतो, कारण ३० अंशाला पाण्याच्या वाफेचा दाब ४२ मिलिबारपर्यंतच जातो. शंका राहिली तर त्याच प्लेटवर, त्याच टेपने, तागाशिवाय रिकामी बॅग लावून बघा. रिकामी बॅग १५ मिनिटे दाब धरते आणि ताग घातलेली धरत नाही, तर टेप उचकटून उपयोग नाही, ताग परत वाळवा. बॅगेतच प्लेट ५०-६० अंशापर्यंत तापवून दोन तास पंप चालू ठेवला तर उरलेला ओलावा बराच निघतो. पंपाच्या आधी पाणी धरणारा सापळा लावा, नाहीतर पंपाचे तेल दुधासारखे होते.

तिसरी गोष्ट स्टायरिनची. पॉलिएस्टरमधल्या स्टायरिनच्या (रेझीन पातळ ठेवणाऱ्या द्रवाच्या) वाफेचा दाब ३० अंशाला साधारण १३ मिलिबार आहे. पूर्ण व्हॅक्यूम शेवटपर्यंत ठेवला तर निर्दोष बॅगेतही बुडबुडे येतात, कारण रेझीनच उकळू लागते. भरताना पूर्ण व्हॅक्यूम ठेवा, भरून झाल्यावर आतला दाब १००-१५० मिलिबारवर येऊ द्या आणि जेल होईपर्यंत तसाच राखा.

कडेने रेझीन पुढे पळून मध्यात कोरडा डाग राहणे हा दोष तागात जास्त येतो. कापड कापताना कड विसविशीत होते आणि टेपजवळ फट राहते. कापण्याच्या रेषेवर आधी कागदी टेप चिकटवून त्यावरून कापा. प्रवाहाची जाळी (रेझीन पसरवण्यासाठी कापडावर ठेवतात ती) व्हॅक्यूमच्या टोकापासून ३०-४० मिमी अलीकडे थांबवा, म्हणजे मागे राहिलेला भाग गाठायला रेझीनला वेळ मिळतो. आणि घाई करू नका. सुतांच्या मधल्या जागेत रेझीन लवकर धावते, सुताच्या आत हळू शिरते. वेग जास्त झाला की वरून सगळे भरलेले दिसते आणि प्रत्येक सुताच्या पोटात बारीक पोकळ्या राहतात. उलट फार सावकाश भरले की सूत आधी भिजते आणि मधल्या जागेत मोठे बुडबुडे अडकतात. त्यात ताग रेझीन पिऊन फुगतो आणि वाट आणखी अरुंद होते, म्हणून ग्लाससाठी बसवलेले नळीचे अंतर तागाला जसेच्या तसे चालत नाही. ते कमी करा.

कुपवाड_मोल्ड

दोष खरोखर कमी झाले की नाही हे आकड्यात कसे काढायचे? ग्लासचे नमुने जाळून रेझीनचे प्रमाण काढतात, तसे करता येईल का?

टेस्टिंग_विश्रामबाग

नाही. तागही जळतो, राखेतून काहीच कळत नाही. घनता मोजा, एएसटीएम डी ७९२ ची पद्धत. ५० × ५० मिमीचा तुकडा कापा, कडांना लॅकरचा पातळ हात द्या, हवेत वजन घ्या, मग बारीक तारेला टांगून पाण्यात वजन घ्या. पाण्यातले वजन लगेच वाचा, उशीर झाला तर तुकडा पाणी पितो. काटा ०.०१ ग्रॅमचा हवा.

समजा हवेत ११.९० ग्रॅम आणि पाण्यात १.९० ग्रॅम. फरक १०.०० म्हणजे आकारमान १० घन सेमी, घनता १.१९.

आता पोकळी नसती तर घनता किती असती? वजनाने २५ टक्के ताग (घनता १.४५) आणि ७५ टक्के रेझीन (कडक झाल्यावर १.२०) धरा. ०.२५ भागिले १.४५ अधिक ०.७५ भागिले १.२०, बेरीज ०.७९७, तिचा व्यस्त १.२५४. १.२५४ आणि १.१९ मधला फरक भागिले १.२५४ म्हणजे ५.१ टक्के पोकळी. टक्केवारीसाठी वाळवलेल्या तागाचे आणि तयार पॅनेलचे वजन टिपून ठेवावे लागते, अंदाजाने चालत नाही.

एक सावधगिरी. तागाचा तंतू आतून पोकळ असतो, त्यामुळे सगळा आकडा कामातल्या दोषाचा नसतो. एकाच कापडाच्या दोन बॅचची तुलना करायला तो विश्वासार्ह आहे, शून्य गाठायला नाही. हाताच्या ले-अपमध्ये ३ टक्क्यांच्या आत आलात तर काम चांगले झाले म्हणायचे. नमुना मध्यातून एक आणि चार कोपऱ्यांतून चार घ्या. कोपऱ्यातच पोकळी जास्त असेल तर रोलर तिथपर्यंत पोचत नाही.

पीपी_शिरवळ

पॉलिप्रॉपिलिनमध्ये तंतू मिसळणाऱ्यांसाठी थोडक्यात. मशीनचे बॅरल (माल वितळवणारी नळी) १८०-१९० अंश, २०० च्या वर नाही. त्यापुढे हेमिसेल्युलोज करपते, माल तपकिरी पडतो आणि जळक्या साखरेचा वास येतो. मशीन थांबवायचे असेल तर आधी बॅरल रिकामे करा, आत उभा राहिलेला माल आधी जळतो. मॅलेइक अ‍ॅनहायड्राइड जोडलेले पीपी (पॉलिप्रॉपिलिन) ३ ते ५ टक्के घातल्याशिवाय तंतू आणि प्लास्टिक एकमेकांना धरत नाहीत. दाणे इंजेक्शनच्या आधी परत ८०-९० अंशाला ४ तास वाळवा. पृष्ठभागावर चंदेरी रेघा आल्या तर आधी ओलावा बघा, तापमान नंतर.

कुपवाड_मोल्ड

धुऊन, काट्यावर वजन स्थिर होईपर्यंत वाळवून आणि रेझीन खालून घेऊन केलेल्या पॅनेलवर छिद्रे जवळजवळ गेली, पट्टेही. कडांचा आवाज स्वच्छ आहे. तीन गोष्टी उरल्या. गेलकोटवर काही ठिकाणी सुरकुत्या येतात, आणि विणीचा ठसा वर दिसतो. शिवाय पीव्हीए (पॅनेल साच्यातून सुटावे म्हणून लावायचा पातळ पडदा) लावूनही एका कोपऱ्यात पॅनेल साच्याला धरते.

रेझीन_मिरज

सुरकुत्या म्हणजे गेलकोट पातळ आहे किंवा पुरता क्युअर झालेला नाही. मागून आलेल्या रेझीनमधले स्टायरिन त्याला फुगवते. जाडी ०.४ ते ०.६ मिमी ठेवा, ओला असताना जाडी मोजायच्या कंगव्याने तपासा. बोट लावल्यावर चिकट वाटला पाहिजे पण बोटाला लागता कामा नये, तेव्हाच पहिला थर.

विणीचा ठसा: गेलकोट आणि तागाच्या मध्ये ३० ग्रॅमचा ग्लास टिश्यू घाला. पूर्ण नैसर्गिक ठेवायचे असेल तर पहिला थर बारीक विणीचा घ्या. आणि साच्यातून लवकर काढू नका, गरम असतानाच काढले की उरलेले आकुंचन बाहेर होते आणि वीण वर येते.

कोपरा धरतो त्याचेही मूळ पाणीच असू शकते. पीव्हीए पाण्यात विरघळते. ते पूर्ण सुकण्याआधी गेलकोट गेला किंवा ओल्या हवेत ते चिकट राहिले की पडदा फाटतो. पावसाळ्यात पीव्हीएला हेअर ड्रायरची गरम हवा द्या आणि कोपऱ्यात साचलेला थेंब स्पंजाने टिपून घ्या. नव्या साच्याला मेणाचे चार-पाच हात, प्रत्येक हातानंतर पॉलिश.

वाखवाला_दहिवडी

पार्टिशनला स्क्रू लागणार, म्हणून एवढे लक्षात ठेवा. पॅनेल कापले की कडेला तागाची टोके उघडी पडतात आणि तिथून पाणी सुतासुताने आत चढते. कापल्यावर त्याच दिवशी कड १२० च्या पॉलिश पेपरने घासा आणि रेझीनचे दोन हात द्या, पहिला पातळ म्हणजे आत मुरेल. भोक पाडताना खाली लाकडाची फळी ठेवा, नाहीतर ड्रिल बाहेर पडताना शेवटचा थर उचकटतो. भोक स्क्रूपेक्षा अर्धा मिमी मोठे पाडा, आतून बारीक ब्रशने रेझीन फिरवा, सुकल्यावर रबरी वॉशरसह स्क्रू बसवा.